हिरवा ठिपका कुणाचा? सत्तरीतल्या दूध केंद्रांचं एक प्रकरण

सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे स्वतःहून नजर ठेवून संदेश पाठवणारे प्रोग्राम, आणि माणसं एकाच संदेशयंत्रणेत, एकाच यादीत, ‘उपलब्ध’ दाखवणाऱ्या एकाच हिरव्या ठिपक्याखाली बसवली की काय होतं, त्याचं हे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं प्रकरण आहे. नुकसान म्हटलं तर एवढंच: एका टाकीतलं एका संध्याकाळचं दूध. पण ते ज्या घरांतून आलं होतं तिथे गोठ्यात दोन-तीन गाई असतात, आणि दुधाच्या पैशांवर घरातला बराच खर्च चालतो. म्हणून हे लहान प्रकरण आहे असं मी म्हणणार नाही. दूध गोळा करणाऱ्या संस्थेचं आणि माणसांची नावं देत नाही. तिथल्या मंडळींनी सर्व्हरच्या नोंदी काहीही न लपवता आमच्या पुढ्यात ठेवल्या, म्हणून इतक्या बारकाईने लिहिता येतंय.

मांडणी

पाच संकलन केंद्रं. तीन वाळपईच्या आसपास, दोन केरीच्या बाजूला, चोर्ला घाटाच्या पायथ्याकडे. कार्यालय डिचोलीला. प्रत्येक केंद्रावर एक बल्क कूलर. धारेचं दूध कोमट येतं. ते काही तासांत ४ अंशांवर आणायचं आणि टँकर येईपर्यंत तिथेच राखायचं, हे त्या टाकीचं काम. पावसात सत्तरीत झाड पडतं, तार तुटते, लाईट जाते. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी आपोआप सुरू होणारा जनरेटर होता.

कूलरशेजारी एक छोटा संगणक आणि त्यावर पायथॉनमध्ये लिहिलेला एजंट. टाकीचं तापमान, दुधाची पातळी, वीज आणि जनरेटर यांवर तो नजर ठेवायचा. डिचोलीच्या सर्व्हरवर आणखी दोन एजंट होते. एक टँकरची फेरी आखायचा. दुसऱ्याला सगळे पाळी-एजंट म्हणायचे. काही बिघडलं तर कोणत्या माणसाला सांगायचं ते ठरवून त्याला सांगणं, एवढंच त्याचं काम. माणसं चार: सचिव, केंद्रचालक, शीतयंत्रांचा तंत्रज्ञ आणि टँकरचालक. चौघांच्या फोनवर संदेशाचं ॲप.

हे सगळे एक्सएमपीपीवर बोलत. जेरेमी मिलर यांनी १९९९ साली जॅबर नावाने जाहीर केलेला हा प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांची देवाणघेवाण कशी करायची याचे ठरलेले नियम. २००४ मध्ये तो आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ३९२० आणि ३९२१ म्हणून प्रमाणित झाला, आणि २०११ मध्ये ६१२० आणि ६१२१ ही सुधारित रूपं आली. निवड चांगलीच होती, आजही मी तीच करीन. सर्व्हर आपल्या ताब्यात राहतो, एजंटाला आणि माणसाला सारख्याच घडणीचा पत्ता मिळतो, आणि हजेरी प्रोटोकॉलच्या गाभ्यातच आहे. आत आल्यावर एकदा ‘मी आहे’ कळवायचं, पुढे ज्यांनी ती पाहण्याची परवानगी घेतली आहे त्या सगळ्यांना सर्व्हर ती पोचवतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातून आलेली स्पेड ही एजंटांची चौकट याच प्रोटोकॉलवर उभी आहे. म्हणजे असा वापर काही आडवाटेचा नाही.

माणूस आणि प्रोग्राम यांना एकाच पंगतीला बसवणं तर त्याहून जुनं आहे. फेब्रुवारी २००० मधल्या आरएफसी २७७८ ने हजेरी आणि तत्काळ संदेशांचा जो नमुना मांडला, त्यात ज्याची हजेरी नोंदवायची तो माणूस असेल, प्रोग्राम असेल किंवा त्यांचा समूह असेल, असं व्याख्येतच आहे. त्या नमुन्यात मूळ अवस्था दोनच, उघडं आणि बंद. पुढे एक्सएमपीपीत चार छटा आल्या: गप्पांना तयार, जरा बाजूला, बराच वेळ बाहेर, व्यत्यय नको. या चारही छटा माणसाच्या आहेत. कूलरवरचा एजंट ‘जरा बाजूला’ कसा जाणार? आमचं सगळं प्रकरण याच फटीत घडलं.

चवथीची आदली रात्र

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या रात्री कुणी कामाच्या जागी सापडत नाही. मूळ घरी पोचायचं असतं, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची असते. संध्याकाळचं संकलन नेहमीसारखं झालं, केंद्रचालक कुलूप लावून घरी गेला. रात्री साडेआठच्या सुमारास एका केंद्राची लाईट गेली. जनरेटर सुरू झाला नाही, कारण त्याच्या स्टार्टरची बॅटरी उतरली होती. टाकीतलं दूध तेव्हा अर्धवटच थंड झालेलं होतं.

एजंटाच्या संगणकाला बॅटरी होती, तो चालू राहिला. सिमकार्डवर चालणाऱ्या राउटरला बॅटरी नव्हती. म्हणजे ज्याला सगळं दिसत होतं त्याला बोलता येत नव्हतं. जोडणी रीतसर बंद झाली नाही, नुसती तुटली. अशी तुटलेली टीसीपी जोडणी (इंटरनेटवरची दोन संगणकांमधली नेहमीची जोडणी) समोरच्याला आपोआप कळत नाही. दोन्ही टोकं गप्प असतील तर सर्व्हरच्या लेखी ती जिवंतच. लिनक्समध्ये टीसीपीची स्वतःची तपासणी चालू केली तरी तिचा मुळातला काळ ७२०० सेकंद आहे, म्हणजे दोन तास. शिवाय आमचा एजंट अवस्था बदलली तरच हजेरी नव्याने कळवायचा. त्यामुळे डिचोलीत त्याचा ठिपका हिरवा, आणि शेजारी ‘सर्व ठीक’.

साधारण तासाभराने लाईट काही मिनिटांसाठी आली. राउटर उठला, एजंट पुन्हा आत आला आणि त्याने धोक्याचा संदेश पाठवला. इथपर्यंत त्याने आपलं काम चोख केलं. पुढे जे घडलं ते मी सावकाश सांगतो, कारण असलं गणित मला इतरही ठिकाणी मांडलेलं दिसलं आहे.

एक्सएमपीपीत एकाच पत्त्यावरून एकाच वेळी अनेक सेशन चालू शकतात. फोनचं एक, संगणकाचं एक. प्रत्येकाला वेगळी शेपटी असते, तिला रिसोर्स म्हणतात. आमच्या एजंटाने रिसोर्स ठरवून दिलेला नव्हता, सर्व्हर दर वेळी नवा देई. साहजिकच आता त्याची दोन सेशन झाली: एक मेलेलं पण यादीत जिवंत, आणि एक खरोखर जिवंत. नुसत्या मूळ पत्त्यावर आलेला संदेश यातल्या कुणाला द्यायचा? त्यासाठी हजेरीबरोबर प्राधान्याचा आकडा जातो, -१२८ ते १२७. संस्थेचा सर्व्हर सर्वांत मोठा आकडा असलेल्या सेशनला संदेश देई. आणि एजंट लिहिणाऱ्याने हा आकडा प्रकृतीशी जोडला होता: सगळं ठीक असेल तर १०, काही बिघडलं असेल तर १. ‘आजारी एजंटाकडे काम जाऊ नये’ हा त्यामागचा विचार. अनेक एजंट एकच काम वाटून घेत असतील तर तो विचार बरोबरही आहे. इथे मात्र मेलेल्या सेशनकडे १० होता आणि मदत मागणाऱ्याकडे १.

पाळी-एजंटाने खात्री करायला उलट विचारलं, ‘आता तापमान किती?’ प्रश्न मेलेल्या सेशनकडे गेला. टँकरच्या एजंटाने उद्या किती दूध उचलायचं ते विचारलं. तोही प्रश्न तिकडेच. पोच मागण्याची सोय, म्हणजे एक्सईपी-०१९८ ही एक्सएमपीपीची पुरवणी, सर्व्हरवर चालू नव्हती. प्रश्न गेले ते गेलेच. ‘उपलब्ध आहे पण उत्तर नाही’ याचा अर्थ दोन्ही एजंटांच्या नियमांत ‘कामात आहे, अर्ध्या तासाने विचारू’ असा होता. तेवढ्यात लाईट पुन्हा गेली, आणि दुसरं सेशनही पहिल्याच्या पंगतीला जाऊन बसलं. पुढे न पोचलेल्या संदेशांमुळे टीसीपीने पाव तासाच्या आसपास प्रयत्न करून एकेक जोडणी सोडून दिली आणि ठिपका अखेर करडा झाला. पण पावसाळ्यात केंद्रं रोजच अधूनमधून करडी होत, त्यामुळे ‘केंद्र अनुपलब्ध’ ही सूचना कुणीतरी केव्हाच बंद करून ठेवली होती.

धोक्याचा पहिला संदेश मात्र पाळी-एजंटाच्या हाती होताच. तो माणसाला का पोचला नाही? पाळी-एजंटाने यादी पाहिली. केंद्रचालक बाहेर. तंत्रज्ञ अनुपलब्ध. टँकरचालकाने ‘व्यत्यय नको’ लावलेलं. सचिव उपलब्ध! संदेश सचिवांना गेला, पोच मिळाली, एजंटाने ‘कळवलं’ अशी नोंद केली आणि तो थांबला. सचिव डिचोली तालुक्यातच, पण आपल्या मूळ घरी माटोळीला फळं बांधत होते. उपलब्ध होता तो त्यांच्या कार्यालयातला संगणक. दिवे मालवलेल्या खोलीत तो लॉगिन अवस्थेत राहिला होता, आणि काही वेळाने आपोआप ‘बाजूला’ दाखवायची सोय त्यावर बंद होती. त्या संगणकाने संदेश घेतला म्हणून सर्व्हरने तो न पोचलेल्या संदेशांत राखून ठेवला नाही. सचिवांनी त्या रात्री ॲप उघडून पाहिलंही. त्यात काही नव्हतं.

मध्यरात्रीच्या सुमारास केंद्राला लागून राहणाऱ्या एका दूध उत्पादक बाईंनी सचिवांना साधा फोन लावला. त्या नेवऱ्या तळत जाग्या होत्या.

“काका, लाईट केव्हाची गेलीय, पण जनरेटरचा आवाज नाही. बघा जरा.”

“टाकीत दूध आहे ना गे?”

“संध्याकाळचं सगळं आहे.”

सचिवांनी तंत्रज्ञाला फोन केला. त्यानेही लगेच उचलला आणि दुचाकीवरून पावसात तो केंद्रावर गेला. दुसऱ्या बॅटरीने जनरेटर उठवला, टाकी पुन्हा थंड झाली, पण उशीर झाला होता. सकाळी टँकर भरण्याआधी नमुना उकळून पाहिला तर दूध फाटलं. ती टाकी नाकारावी लागली. उत्पादकांचे पैसे संस्थेने स्वतःच्या खिशातून दिले. हा निर्णय त्यांनी तिथल्या तिथे घेतला, याचा मला फार आदर वाटतो.

ज्या दोघांनी पहिल्या-दुसऱ्या रिंगला फोन उचलला त्या दोघांनाही यंत्रणा गाठू शकली नव्हती. सचिवांची हजेरी चुकीच्या जागेची होती आणि तंत्रज्ञाची नव्हतीच. आणि त्या बाईंनी जे केलं ते एजंटांच्या नियमांत कुठेच नव्हतं: लाईट गेली की जो आवाज यायला हवा तो आला नाही, म्हणून त्यांनी विचारलं.

तंत्रज्ञ लॉगआउट का करायचा

यंत्रांची बाजू दुरुस्त करणं तसं सोपं होतं. माणसांच्या बाजूला आमचा जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

चारही फोनवरचे ठिपके बहुतेक वेळ करडे का असतात, याचं एक कारण तांत्रिक आहे. बॅटरी वाचवायला फोन मागे पडलेल्या ॲपची जोडणी तोडतात. माणूस फोन हातात घेऊन बसलेला असला तरी ॲप ‘बाहेर’. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण तंत्रज्ञाशी स्वतंत्र बसून बोललो तेव्हा दुसरं कारण कळलं. यंत्रणा बसवली तेव्हा सर्व्हरने सगळ्यांच्या यादीत सगळ्यांना आपोआप घालून टाकलं होतं. कोण रात्री किती वाजेपर्यंत ऑनलाइन आहे ते प्रत्येकाला दिसे. एकदा कार्यालयातल्या एका वरिष्ठाने त्याला सुनावलं, की रात्री अकराला जागा होतास, मग सकाळी यायला उशीर का? त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की तो लॉगआउट करू लागला. केंद्रचालकानेही त्याचं पाहून तेच केलं. कुणी काही बोललं नाही, ठिपके तेवढे विझले.

एक्सएमपीपीत हजेरी पाहण्याची परवानगी मागावी लागते आणि समोरच्याने ती द्यावी लागते, तीही दोन्ही दिशांना वेगवेगळी. मी तुझी पाहू शकतो म्हणून तू माझी पाहू शकतोस असं नाही. परवानगी दिल्यावर परतही घेता येते. प्रोटोकॉल रचणाऱ्यांनी ही काळजी मुद्दाम घेतली आहे. संस्थेने सोयीसाठी ती ओलांडली, आणि ज्या माहितीच्या आधारे रात्री माणूस शोधायचा ती माहितीच आटली. हजेरी पाळतीसाठी वापरली की माणसं ती देणं बंद करतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. पाळी संपल्यावर आपण जागे आहोत की झोपलेले, हे वरिष्ठांना कळण्याचं काही कारणच नाही.

माझं यावर ठाम मत झालं आहे. माणसाची हजेरी म्हणजे त्याची इच्छा: ‘आत्ता माझ्याशी बोललात तर चालेल.’ एजंटाची हजेरी म्हणजे त्याची जबाबदारी: ‘मी पाहतो आहे, आणि शेवटचं अमुक वाजता पाहिलं.’ पहिली माणसाने वाटेल तेव्हा मागे घ्यावी, कारण सांगायची गरज नाही. दुसरी ठरल्या वेळी आली नाही तर तोच धोक्याचा इशारा धरावा. दोन्हींना एकाच रंगाचा ठिपका दिला की इच्छेचा अर्थ कर्तव्य होतो आणि कर्तव्याचा अर्थ इच्छा.

काय बदललं

पहिलं काम पैशाने स्वस्त आणि डोळ्यांसमोरचं: राउटरलाही बॅटरी, आणि जनरेटरच्या बॅटरीची आठवड्याला तपासणी. हे न करता प्रोटोकॉलचे चाळे करण्यात अर्थ नव्हता.

एजंटांना कायमचा रिसोर्स दिला. त्याच नावाने नवं सेशन आलं की जुनं काढून टाकायचं, असं सर्व्हरला सांगितलं. आरएफसी ६१२० तशी मुभा देतो. प्राधान्य सगळ्या एजंटांना एकच. प्रकृतीची माहिती त्यातून काढून वेगळ्या नोंदीत घातली, आणि प्रत्येक नोंदीवर मोजमापाची वेळ. वाचणाऱ्या एजंटाने ती वेळ पाहायची. नोंद जुनी असेल तर ‘ठीक’ही समजायचं नाही आणि ‘बिघाड’ही नाही, ‘अज्ञात’ समजायचं. ही तिसरी अवस्था आणल्यावर निम्मे नियम पुन्हा लिहावे लागले, आणि लिहिताना कळलं की आधीचे नियम ‘गप्प’ याचा अर्थ सोयीप्रमाणे लावत होते.

सर्व्हर आता प्रत्येक एजंटाला दर मिनिटाला पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारतो, आणि एक्सईपी-०१९८ मुळे कोणता संदेश पोचला ते दोन्ही बाजूंना मोजता येतं. या सोयीत तुटलेलं सेशन काही काळ राखून पुन्हा जोडता येतं. ते फोनसाठी वरदान आहे. पण राखलेलं सेशन तेवढा वेळ यादीत उपलब्धच दिसतं, म्हणजे जे भूत घालवायचं त्यालाच मुदतवाढ. म्हणून माणसांच्या फोनला ही मुदत लांब ठेवली आणि एजंटांना अगदी आखूड. आखूड मुदतीचीही किंमत आहे: केरीकडच्या दोन केंद्रांचं नेटवर्क पावसात इतकं डळमळतं की जिवंत एजंट मेल्यासारखा दिसतो. चंद्रा आणि टॉएग यांनी १९९६ मध्ये बिघाड ओळखणाऱ्या यंत्रणांवर जो सिद्धान्त मांडला त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे. संदेशाला किती वेळ लागेल याची मर्यादा माहीत नसेल तर संथ आणि मृत यांत खात्रीने फरक करता येत नाही. कोणती चूक परवडते तेवढं निवडता येतं. दुधाच्या बाबतीत खोटा इशारा परवडतो, खोटा दिलासा नाही. पाच केंद्रांसाठी हे आम्ही संचालक मंडळापुढे याच शब्दांत मांडलं आणि त्यांनी कबूल केलं. बंद करून ठेवलेली ‘केंद्र अनुपलब्ध’ ही सूचना परत आली, पण काही मिनिटं सलग करडं राहिलं तरच.

माणसांची एकमेकांवरची आपोआप परवानगी काढून टाकली. आता चौघांची हजेरी फक्त पाळी-एजंटाला दिसते, वरिष्ठांना नाही, आणि तिचा इतिहास ठेवला जात नाही. कार्यालयातल्या संगणकाचं प्राधान्य -१ केलं. ऋण प्राधान्याच्या सेशनला मूळ पत्त्यावरचे संदेश जातच नाहीत. रात्रीचं कर्तव्य हिरव्या ठिपक्यावरून ठरत नाही, पाळीच्या तक्त्यावरून ठरतं. तो तक्ता माणसं आपसांत ठरवतात आणि सणाच्या दिवसांत आधी अदलाबदल करतात. हजेरीचा उपयोग एवढाच की आधी संदेश पाठवायचा की थेट फोनची घंटी वाजवायची.

संदेश फोनवर पोचल्याची पोच, म्हणजे एक्सईपी-०१८४, हे कळवल्याचं लक्षण धरणंही थांबवलं. एजंटांच्या भाषेसाठी फिपा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने विनंतीचा जो शिष्टाचार ठरवला आहे तो इथे माणसांना चपखल बसला: विनंती, मग होकार किंवा नकार, शेवटी झालं किंवा जमलं नाही. पाळी-एजंटाचा संदेश आला की ‘घेतलं’, ‘जमत नाही’ किंवा ‘झालं’ यांपैकी एक उत्तर द्यायचं. पाच मिनिटांत ‘घेतलं’ आलं नाही की पुढचा माणूस, आणि त्यापुढे फोन. ‘जमत नाही’ म्हणणाऱ्याला कुणी कारण विचारायचं नाही, हे बैठकीत ठरवून लिहून घेतलं. तंत्रज्ञ आता संध्याकाळी लॉगआउट करत नाही.

टँकरचालकाचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. घाटाच्या पट्ट्यात रेंज जाते आणि गाडी चालवताना त्याने फोनकडे पाहूही नये. सध्या टँकर हलता असेपर्यंत त्याला एकही संदेश जात नाही. फेरीतले बदल केंद्रचालकाकडे जातात आणि टँकर केंद्रावर पोचला की तो ते तोंडी सांगतो. त्या संदेशांना मुदत घातली आहे. टँकर निघून गेल्यावर उशिरा पोचलेला बदल केंद्रचालकाला दिसत नाही, तो टँकरच्या एजंटाकडे परत जातो आणि पुढच्या केंद्रासाठी नव्याने आखला जातो.